रेषेला हे कधी कळलं?

शेअरचा कुठलाही चार्ट उघडा. लाल-हिरव्या कॅन्डलच्या गर्दीतून एक निळी रेषा संथपणे चाललेली असते. खालच्या वेगळ्या पट्ट्यात एक जांभळी रेषा ३० आणि ७० यांच्या दरम्यान वरखाली करत असते. टीव्हीवरचे तज्ज्ञ तिच्याकडे बोट दाखवून सांगतात, "आरएसआय सत्तरच्या वर गेलाय, जपून." एका रेषेला इतकं सगळं कसं समजतं बुवा?

ती स्वतः लिहून बघा, मग कळेल. अशा रेषेचा, म्हणजे इंडिकेटरचा, जीव बहुतेक वेळा दहा-पंधरा ओळींच्या कोडमध्ये मावतो, आणि ज्याला शाळेतली सरासरी काढता येते त्याला त्या ओळी वाचता येतात. लिहायला बसलं की मात्र प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारावाच लागतो: बाई गं, हे तुला कधी कळलं? सगळी मौज त्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

कच्च्या मालापासून सुरुवात करू. एनएसईवरचा रोखीचा बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो, म्हणजे ३७५ मिनिटं. एखाद्या बड्या शेअरमध्ये तेवढ्यात लाखो सौदे होतात, आणि दिवसाच्या चार्टवर त्यांचे उरतात पाच आकडे: उघडतानाचा भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि किती शेअरची देवघेव झाली तो आकडा. बाकी सगळं गायब. उच्चांक आधी आला की नीचांक, हेसुद्धा त्या दिवसाच्या कॅन्डलला सांगता येत नाही! त्या दिवशी आधी नफ्याचं टार्गेट गाठलं गेलं असेल की आधी तोटा थांबवणारा स्टॉपलॉस उडाला असेल? एका कॅन्डलकडे बघून याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. तरी कित्येक कोड ते बिनदिक्कत देतात.

बरं, 'बंद भाव' तरी साधासरळ असेल? तुम्हाला वाटेल, साडेतीनच्या ठोक्याला झालेल्या शेवटच्या सौद्याचा भाव. पण एनएसईवर कित्येक वर्षं अधिकृत बंद भाव धरला गेला तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची भारित सरासरी काढून. म्हणजे जगभरचे इंडिकेटर ज्या आकड्यावर उभे राहतात, तो आपल्याकडे स्वतःच एक छोटासा इंडिकेटर निघाला. काही चार्टवाले हा अधिकृत भाव घेतात, काही शेवटच्या सौद्याचा. एकाच शेअरच्या दोन चार्टवर दोन आकडे दिसण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण याहून गमतीचं आहे, त्याकडे येतोच.

आता कोड. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळावर चार्टसोबत एक एडिटर उघडतो, त्यात पाइन स्क्रिप्ट नावाची भाषा लिहायची. इतर भाषांत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सवय असते की दहा वर्षांचे सगळे भाव एका यादीत घ्यायचे आणि त्यांवरून एक फेरी मारायची. पाइनमध्ये अशी फेरी लिहावीच लागत नाही. तुमचा कोड सगळ्यांत डावीकडच्या, सगळ्यांत जुन्या कॅन्डलवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालतो आणि थांबतो. मग पुढच्या कॅन्डलवर पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला साधारण अडीचशे कॅन्डल धरल्या तर दहा वर्षांसाठी तोच कोड अडीच हजार वेळा चालतो, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच रेषा हजर!

यातली खुबी लक्षात आली का? मार्च २०२०च्या कॅन्डलवर कोड चालत असतो तेव्हा त्याच्या लेखी एप्रिल २०२० अजून उजाडलेलाच नसतो. 'क्लोज' म्हटलं की त्या दिवसाचा बंद भाव, 'क्लोज[१]' म्हटलं की आदल्या दिवसाचा, 'क्लोज[५०]' म्हणजे पन्नास कॅन्डल मागचा. मागे जा, हवं तितकं मागे जा. पण चौकोनी कंसात उणे एक लिहून उद्याचा भाव मागायला गेलात तर भाषाच तुम्हाला अडवते. काळ एकाच दिशेने जातो हे इथे व्याकरणातच बसवलेलं आहे.

आपल्याकडे बरीच वर्षं लोकप्रिय असलेल्या अॅमीब्रोकरची तऱ्हा निराळी. तिथे सगळ्या दिवसांचे भाव एकगठ्ठा हातात येतात आणि गणित सगळ्यांवर एकदम होतं, म्हणून ते भन्नाट वेगवान. त्यात 'रेफ' नावाचं एक फंक्शन आहे. त्याला भाव दिला आणि उणे एक दिलं की मिळतो कालचा भाव. आणि ते उणेचं चिन्ह टाकायचं राहिलं तर? उद्याचा! काही तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. आडवी एक छोटीशी रेघ विसरलात आणि तुमच्या इंडिकेटरला भविष्य दिसू लागलं. मग तो जुन्या चार्टवर असा काही कमावतो की विचारू नका.

सगळ्यांत साधी रेषा म्हणजे ती निळी, सरकती सरासरी. शेवटच्या २० दिवसांचे बंद भाव मिळवायचे, २०ने भागायचं, ठिपका काढायचा. रोज नवा दिवस आत, सर्वांत जुना दिवस बाहेर. यात बघण्यासारखं काय आहे? दोन गोष्टी. समजा आज भाव जागचा हललाही नाही, पण २० दिवसांपूर्वी एका अफवेने तो चढला होता आणि आज तो दिवस हिशेबातून बाहेर पडला. झालं, सरासरी आज खाली येते. बाजारात काहीही घडलेलं नाही आणि रेषा मान टाकते. तीन आठवड्यांहून जुन्या अफवेचा तो परिणाम असतो.

दुसरी गोष्ट उशिराची. २० दिवसांत आजच्या भावाचं वय शून्य दिवस, सर्वांत जुन्याचं १९. सगळ्यांच्या वयाची सरासरी साडेनऊ. म्हणजे भाव एका चढणीने सरळ वर जात असेल, तर रेषा बरोबर साडेनऊ दिवसांपूर्वीचा भाव दाखवत असते. कमी नाही, जास्त नाही. बातम्यांत जिचं नाव सतत येतं त्या २०० दिवसांच्या सरासरीचं वय याच हिशेबाने साडेनव्याण्णव दिवस, म्हणजे सुट्ट्या धरल्या तर जवळपास पाच महिने. गुळगुळीतपणा हवा असेल तर तो शिळेपणा देऊनच विकत घ्यावा लागतो.

तो अफवेचा झटका तरी टाळता येईल का? जुना दिवस एकदम बाहेर फेकण्याऐवजी हळूहळू विसरता येईल का?

चौदा तांबे पाणी मावणारा एक रांजण डोळ्यांसमोर आणा. रोज सकाळी त्यातलं एक तांब्या पाणी काढायचं आणि एक तांब्या ताजं पाणी ओतून ढवळायचं. झाली घातांकी सरासरी! आजच्या पाण्याचा वाटा चौदांश, बाकी सगळं काल रांजणात जे होतं ते. एखाद्या दिवसाच्या पाण्यातलं निम्मं नऊ-दहा दिवसांत निघून जातं, पण ते संपत मात्र कधीच नाही. लिटरभराचा तांब्या असेल तर शंभर दिवसांनीसुद्धा मुळात भरलेल्या पाण्यातलं दोन चमच्यांना जरा कमी इतकं आत असतंच. आणि कोडमध्ये हे लिहायला किती ओळी लागतात? एक. आजची किंमत म्हणजे कालच्या स्वतःच्या किमतीचे तेरा भाग अधिक आजच्या भावाचा एक भाग, भागिले चौदा. ती ओळ आपल्या व्याख्येत आपलंच नाव घेते, फक्त कालचं. चौदा दिवसांचे आकडे जपून ठेवायला नकोत. काल रात्रीचा एक आकडा जवळ असला की बाजार सुरू झाल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास, हवा तितका पातळ होऊन, तुमच्या हातात.

ही युक्ती शेअर बाजारात जन्मली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या रॉबर्ट ब्राउन यांनी १९४४च्या सुमारास पाणबुड्यांचा माग काढताना ती वापरली, तीही संगणकावर नाही तर चकती आणि गोळ्यांवर चालणाऱ्या यांत्रिक गणकावर. पुढे तिनेच नौदलाच्या सुट्या भागांच्या मागणीचे अंदाज बांधले. दुकानदारांच्या मालसाठ्यापासून निफ्टीच्या चार्टपर्यंत ती पसरली ती नंतर.

आणखी एक बारीक नक्षी बघा. चार्टवर २० दिवसांची घातांकी सरासरी मागितली की कोड आजच्या भावाला २/२१ इतका वाटा देतो. हे २१ कुठून आलं? दोन का? आता या सरासरीतल्या पाण्याचं सरासरी वय काढा: साडेनऊ दिवस. साध्या २० दिवसांच्या सरासरीचं जे वय तेच! तो विचित्र अपूर्णांक निवडलाय तो नेमका दोघींची वयं जुळावीत म्हणून.

आता त्या जांभळ्या रेषेकडे वळू. जे. वेल्स वाइल्डर हे पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. १९७८ साली त्यांनी 'न्यू कन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स' हे पुस्तक काढलं आणि त्यात आरएसआय, एटीआर, एडीएक्स आणि पॅराबोलिक एसएआर अशी चार अस्त्रं एका दमात दिली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये ती चारही सापडतात. घरोघरी संगणक नसलेल्या काळातली ही कामगिरी. रकान्यांच्या कागदावर, पेन्सिलीने रोज आकडे मांडायचे. म्हणून तर वाइल्डर यांना रांजणवाली पद्धत सोयीची: कालचे दोन आकडे समोर असले की भागलं.

आरएसआयचं सूत्र पहिल्यांदा पाहणारा दचकतो: शंभर वजा, शंभर भागिले एक अधिक आरएस. घाबरायचं कारण नाही. चढीच्या दिवसांत भाव किती चढला त्याची सरासरी एका रांजणात, उतरणीच्या दिवसांत किती उतरला त्याची दुसऱ्या. चढीची सरासरी ३ रुपये आणि उतरणीची १ रुपया असेल, तर आरएस म्हणजे तीन भागिले एक, तीन. सूत्रात घाला: १०० वजा २५, उत्तर ७५. आता सूत्र बाजूला ठेवा आणि साधं विचारा, एकूण चार रुपयांच्या हालचालीतली चढ किती टक्के? तीन चतुर्थांश, म्हणजे ७५! एवढंच. सगळा धाक त्या मांडणीचा होता. आत आहे साधी टक्केवारी. ती ७०च्या वर गेली की 'ओव्हरबॉट', ३०च्या खाली गेली की 'ओव्हरसोल्ड', या सीमारेषा वाइल्डर यांनीच आखून दिल्या.

इथे नव्या कोडवाल्यांची हमखास फजिती होते. आरएसआय १४ दिवसांचा, म्हणून ते १४ दिवसांची नेहमीची घातांकी सरासरी लावतात. रेषा उमटते, दिसतेही छान, पण प्लॅटफॉर्मच्या तयार आरएसआयशी काही केल्या जुळत नाही, उगाच जास्त उड्या मारते. का? नेहमीच्या सरासरीत आजचा वाटा २/१५, वाइल्डर यांच्या रांजणात १/१४. दोन भागिले किती केलं की चौदांश येतो? २८. म्हणजे वाइल्डर ज्याला १४ म्हणतात त्याला बाकीचं जग २७ दिवसांची घातांकी सरासरी म्हणतं. चाळीस-पन्नास वर्षं हा घोळ सुखाने नांदतो आहे.

आणि हे मघाचं राहिलेलं दुसरं कारण. रांजण पहिल्यांदा भरायचा कशाने? रिवाज असा की पहिल्या १४ दिवसांच्या साध्या सरासरीने. आता एखाद्या अॅपने मोबाइल डेटा वाचवण्यासाठी गेल्या ३० दिवसांचाच इतिहास मागवला असेल, तर पहिल्या भरणीनंतर फक्त १६ तांबे बदलले गेलेत. आत अजून ३० टक्के पाणी त्या पहिल्या भरणीचंच. शेजारच्या अॅपने पाच वर्षांचा इतिहास घेतला, तिथे त्या भरणीचा मागमूस नाही. शेअर एकच, दिवस एकच, सूत्रही तंतोतंत तेच, तरी आरएसआय दोन. दोन्ही बरोबर!

आतापर्यंत सगळं बंद झालेल्या कॅन्डलबद्दल चाललं होतं. आजची, अजून चालू असलेली कॅन्डल? तिच्यावर पाइनची करामत बघण्यासारखी आहे. बाजारातून नवा भाव आला की कोड त्याच कॅन्डलवर पुन्हा चालतो, पण त्याआधी मघाच्या भावाने केलेली सगळी आकडेमोड पुसून कालच्या बंदपाशी परत जातो. जणू या कॅन्डलवर आपण पहिल्यांदाच येतोय. दिवसभरात हे हजारो वेळा होऊ शकतं. तसं केलं नाही तर प्रत्येक बारीक हालचालीला रांजणात एकेक तांब्या पडत जाईल आणि संध्याकाळी त्यात फक्त आजचं पाणी उरेल.

याचा परिणाम मात्र ऐका. पावणेतीनला 'घ्या' असा हिरवा बाण उमटतो. साडेतीनला भाव थोडा उतरून बंद होतो, अट मोडते, बाण नाहीसा. उद्या चार्ट उघडणाऱ्याला तो बाण कधी उमटलाच नव्हता असं दिसेल. फसलेले बाण पुसले जातात आणि जमलेले राहतात, आणि त्यामुळे जुना चार्ट नेहमीच हुशार दिसतो. ट्रेडिंगवाले याला 'रिपेंट होणं' म्हणतात.

पण याच्याही वरताण आहे तो तळ दाखवणारा बाण. एका शेअरचे ओळीने बंद भाव घ्या: ११२, ११०, १०७, १०५, १०३, १००, १०२, १०४, १०३, १०६, १०८. तळ कुठे? १००वर, शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी सांगितलं असतं का? दुसऱ्या दिवशी भाव ९७ही झाला असता. 'डावीकडचे पाच आणि उजवीकडचे पाच भाव याहून जास्त असले तर तो तळ' अशी अट कोडमध्ये असेल, तर उजवीकडचा पाचवा भाव येईपर्यंत, म्हणजे १०८च्या दिवसापर्यंत, कोडला काही कळणं शक्यच नाही. आणि कळल्यावर तो काय करतो? चित्र काढण्याच्या आज्ञेत एक 'ऑफसेट' असतो, त्यात उणे पाच लिहितो. बाण पाच कॅन्डल मागे सरकून नेमका १००च्या खाली जाऊन बसतो!

यात खोटं काही नाही. तळ खरंच तिथे होता. फक्त बाण बघून शेअर घेणाऱ्याला तो १०८ला मिळाला असता, १००ला नाही. 'आमचा इंडिकेटर बघा, प्रत्येक तळ अचूक पकडतो' असं सांगत जे चार्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यातला बाण दिसला की मला आधी त्याच्यामागचा उणे आकडा आठवतो. विकत घ्यायच्या आधी हा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेलेले आढळले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. बाणांची टंचाई त्यांनाही नसणार.

आता एक जुनी गोष्ट, मॉस्कोतली. १९२७ साल. येवगेनी स्लुत्स्की नावाचे अर्थशास्त्रज्ञ आणि गणिती तिथल्या अर्थचक्रांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत काम करत होते. तेजी-मंदीच्या लाटा कशामुळे येतात यावर जगभर वाद चालू होता. स्लुत्स्कींनी काय करावं? त्यांनी सरकारी कर्जरोख्यांच्या सोडतीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेतले. शुद्ध नशिबाचे आकडे, ज्यांचा कशाशीही संबंध नाही. ओळीने दहा-दहा अंकांची बेरीज करत एकेक अंक पुढे सरकले. म्हणजे आपली सरकती सरासरीच, फक्त भागाकार न केलेली. मग कागदावर रेषा काढली.

आणि लाटा उमटल्या! संथ चढण, शिखर, उतरण, तळ, पुन्हा चढण. त्यांनी शेजारी इंग्लंडच्या १८५५ ते १८७७ या काळातल्या व्यापारचक्राचा आलेख ठेवला. दोन्ही रेषा हातात हात घालून चालाव्यात इतक्या सारख्या दिसत होत्या. एक इंग्लंडची तेजी-मंदी, दुसरी सोडतीचे अंक.

लाट आली कुठून? अंकांत तर ती नव्हती. ती आली बेरजेतून. शेजारशेजारच्या दोन बेरजांतले दहापैकी नऊ अंक समाईक असतात, म्हणून आजची बेरीज कालच्या बेरजेपासून फार दूर जाऊच शकत नाही. योगायोगाने एक मोठा अंक आला की तो दहा पावलं रेषेला उचलून धरतो, आणि बाहेर पडताना खाली सोडतो. तीच आपली वीस दिवसांपूर्वीची अफवा. सरासरी लावण्याची कृती स्वतःच लाटा निर्माण करते. चार्टवरच्या निळ्या रेषेच्या ज्या वळणांवर आपण 'ट्रेंड फिरला' म्हणतो, त्यांतली किती वळणं बाजाराची आणि किती भागाकाराची? नुसत्या रेषेकडे बघून ते ओळखता येत नाही. १९५९ साली शिकागोच्या हॅरी रॉबर्ट्स यांनी उलट बाजूने तोच खेळ केला: यादृच्छिक आकड्यांतून आठवड्याआठवड्याचे चढउतार बनवले, ते एकावर एक मिळवत गेले, आणि त्यातून उमटलेला आलेख शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या आलेखासारखा हुबेहूब दिसला.

त्यांना आकड्यांचे तक्ते धुंडाळून हाताने आलेख काढावा लागला. तुम्हाला पाच ओळी पुरतील. पाइनमध्ये यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन आहे. प्रत्येक कॅन्डलवर ते छापा देईल किंवा काटा. छाप्याला कालच्या किमतीत एक रुपया मिळवा, काट्याला एक वजा करा, आणि ती किंमत रेषेने काढा. सुरुवात हजार रुपयांपासून करा, म्हणजे चार्टही बाजारातल्यासारखा दिसेल. सीड नावाचा आकडा बदला की नवा शेअर जन्माला येतो. काहींत सुरेख तेजी असेल, काहींत दुहेरी तळ, काहींत खांद्या-डोक्याची ती प्रसिद्ध आकृती. आता तुमच्या सगळ्यांत लाडक्या इंडिकेटरला खऱ्या भावाऐवजी ही किंमत द्या आणि तो किती वेळा 'घ्या' म्हणतो ते मोजा.